४० मीटरचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर: ब्रॉडकास्ट केंद्रांची घुसखोरी कशी थांबवायची?

शॉर्टवेव्ह_पुणे

नमस्कार मंडळी,

४० मीटरच्या हॅम (हौशी रेडिओ) बँडसाठी (७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ) डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर, म्हणजे रेडिओ सिग्नल मिक्सरमध्ये सरळ ऑडिओत उतरवणारा रिसीव्हर, जोडला आहे. रचना अशी:

- अँटेना: गच्चीवर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, खाली आरजी-५८ केबल
- पुढे एकच ट्यून केलेली कॉइल. अँटेनाची लिंक खालच्या बाजूला, कॉइलचं गरम (ग्राउंड नसलेलं) टोक थेट एसए६१२ या मिक्सर चिपच्या पिन १ ला. पिन २ ला ०.०१ मायक्रोफॅरडने ग्राउंड
- लोकल ऑसिलेटर (मिक्सरला ट्यूनिंगची फ्रीक्वेन्सी देणारा): एसआय५३५१ या क्लॉक चिपचं तयार मॉड्यूल, आउटपुट सीएलके०, १ आणि २. सीएलके० चं आउटपुट १० नॅनोफॅरडमधून सरळ पिन ६ ला
- ऑडिओ फक्त पिन ५ वरून, पुढे एनई५५३२ ऑप-अँप, शेवटी एलएम३८६ ऑडिओ ॲम्प्लिफायर
- १२ व्होल्टचा अडॅप्टर, मिक्सरसाठी ७८एल०६ (६ व्होल्टचा रेग्युलेटर)

हॅम स्टेशनं ऐकू येतात, पण तीन तक्रारी आहेत. रात्री सात-साडेसातनंतर मागे दोन-तीन ब्रॉडकास्ट केंद्रांचा एकत्र गोंधळ सतत चालू असतो. दिवसा बँडच्या वरच्या टोकाला, साधारण ७.१५० च्या पुढे, मधूनमधून संगीत आणि शिट्ट्या येतात. आणि काही फ्रीक्वेन्सींवर जाड गुणगुण येते, डायल फिरवला की तिचा जोर बदलतो.

बँडपास फिल्टर आणखी धारदार करावा का? की मिक्सरच बदलावा?

---

टोरॉइड

फिल्टर गुंडाळायला घेण्याआधी प्रत्येक आवाज नेमका कोणत्या वाटेने येतोय ते ठरवा. ऐकायला तिन्ही त्रास सारखेच वाटतात, पण कारणं वेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. चार चाचण्या करा. एलएम३८६ चा व्हॉल्यूम एका जागी ठेवा, ऑडिओ लॅपटॉपच्या माइक-इनला द्या आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मीटरवर आकडे वाचा. आवाज १० डेसिबलने उतरला की २० ने, हे नुसत्या कानाने नीट ठरवता येत नाही.

चाचणी १: डायल. लोकल ऑसिलेटर १ किलोहर्ट्झ सरकवा. नको असलेल्या केंद्राच्या शिट्टीचा सूर १ किलोहर्ट्झने बदलला, तर ते केंद्र ऑसिलेटरच्या मूळ फ्रीक्वेन्सीशी मिसळतंय. सूर ३ किलोहर्ट्झने उडाला, तर ते तिसऱ्या हार्मोनिकशी (मूळ फ्रीक्वेन्सीच्या तिपटीशी) मिसळतंय. सूर अजिबात हलला नाही, कार्यक्रम स्पष्ट ऐकू येतोय आणि डायल कुठेही नेला तरी तसाच राहतोय, तर ऑसिलेटरचा त्यात संबंध नाही. मिक्सर किंवा पुढचा ॲम्प्लिफायर साध्या डायोडसारखा एएम डिटेक्ट करतोय, म्हणजे केंद्राचा कार्यक्रम सरळ ऑडिओत उतरवतोय.

चाचणी २: ऑसिलेटर बंद. सीएलके० सॉफ्टवेअरमधून बंद करा. हॅम स्टेशनं गेली पाहिजेत. त्यानंतरही जे उरतं ते निव्वळ डिटेक्शन.

चाचणी ३: अँटेना काढा. जागी ५१ ओहमचा रेझिस्टर लावा. तरी कार्यक्रम ऐकू येत असेल तर तो हेडफोनच्या वायरीतून किंवा पुरवठ्यातून ऑडिओ भागात शिरतोय. पुण्यात ही शक्यता तपासाच. खिशातल्या रेडिओवर ७९२ किलोहर्ट्झचं पुणे केंद्र लावा आणि दोन्हीकडे एकच कार्यक्रम चालू आहे का ते ऐका.

चाचणी ४: अ‍ॅटेन्युएटर. माझ्या मते चौघींत हीच सगळ्यांत कामाची. अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये १० डेसिबलचा पाय (π) आकाराचा पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे तीन रेझिस्टर, घाला: १०० ओहम ग्राउंडला, ६८ ओहम सरळ, पुन्हा १०० ओहम ग्राउंडला. पाव वॅटचे रेझिस्टर चालतील. मग बघा:

- नको असलेला आवाज १० डेसिबलनेच कमी झाला, हव्या सिग्नलइतकाच: इमेज (ऑसिलेटरच्या पलीकडच्या बाजूचा नको असलेला सिग्नल) किंवा हार्मोनिकची वाट. इलाज फिल्टर.
- २० डेसिबलने कमी झाला: दुसऱ्या क्रमाची विकृती, म्हणजे एएम डिटेक्शन. इलाज बॅलन्स आणि लेव्हल.
- ३० डेसिबलने कमी झाला: तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन, दोन दणकट केंद्रं मिळून तिसरंच भूत तयार करतायत. इलाज लेव्हल किंवा दणकट मिक्सर.

आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

---

शॉर्टवेव्ह_पुणे

केल्या. निकाल असे:

रात्रीचा गोंधळ डायलने हलत नाही. सीएलके० बंद केल्यावरही राहतो. अँटेनाच्या जागी ५१ ओहम लावले की पूर्ण जातो. पॅड घातल्यावर हॅम सिग्नल १० ने उतरतो, हा गोंधळ १९-२० ने. ७९२ शी जुळत नाही, त्यात एक चिनी भाषेतलं केंद्र ओळखू येतं.

दिवसाचं संगीत डायलबरोबर हलतं, आणि फार वेगाने. १ किलोहर्ट्झ फिरवलं की शिट्टी जवळपास ३ किलोहर्ट्झ सरकते. पॅड घातल्यावर १० च कमी होतं.

गुणगुण पॅडने कमी होते, पण किती ते स्थिर मोजता येत नाही. अँटेना काढली की जाते.

---

टोरॉइड

उत्तम, म्हणजे तीन वेगळे आजार आहेत. सोप्यापासून सुरुवात करू.

दिवसाचं संगीत हा तिसरा हार्मोनिक. ७.१५० गुणिले ३ म्हणजे २१.४५०. तिथूनच १३ मीटरचा ब्रॉडकास्ट बँड सुरू होतो (२१.४५० ते २१.८५० मेगाहर्ट्झ), आणि तो दिवसा उघडा असतो. म्हणून त्रास ७.१५० च्या वरच आणि दिवसाच. एसआय५३५१ चौकोनी तरंग देतो. चौकोनी तरंगावर चालणाऱ्या मिक्सरचा तिसऱ्या हार्मोनिकला प्रतिसाद मूळ प्रतिसादापेक्षा फक्त ९.५ डेसिबल खाली असतो, पाचव्याला १४. ऑसिलेटरला साइन तरंग दिला तरी फारसं साधत नाही, कारण मिक्सरच्या आतले ट्रान्झिस्टर स्विचसारखेच उघडझाप करतात. २१ मेगाहर्ट्झ मिक्सरपर्यंत पोहोचूच नये, एवढाच मार्ग.

तुमची एक कॉइल कागदावर बरीच गाळणी करते, पण लिंक आणि कॉइल यांच्यातल्या कपॅसिटन्समधून वरच्या फ्रीक्वेन्सी उडी मारून जातात. पाच घटकांचा लो-पास (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या वरचं अडवणारा फिल्टर) घाला, ९ मेगाहर्ट्झचा बटरवर्थ, ५० ओहमचा:

२२० पिकोफॅरड ग्राउंडला, १.४३ मायक्रोहेन्री सरळ, ६८० पिकोफॅरड ग्राउंडला, १.४३ मायक्रोहेन्री सरळ, २२० पिकोफॅरड ग्राउंडला.

टी५०-२ या टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या) कोरवर १७ वेढे दिले की १.४ मायक्रोहेन्री मिळतात. ७.१ ला नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आत, २१.३ ला रोध साधारण ३७ डेसिबल. कपॅसिटर एनपी०/सी०जी (तापमानाने किंमत न सरकणाऱ्या) जातीचेच घ्या. पिवळट रंगाचे स्वस्त डिस्क कपॅसिटर या जागी नकोत.

कोरबद्दल सावध राहा. पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसता 'टोरॉइड' मागितला तर बहुतेक वेळा पिवळा-पांढरा कोर हातात पडतो. तो २६ नंबरच्या मिश्रणाचा, एसएमपीएसच्या (स्विचिंग पुरवठ्याच्या) चोकसाठीचा. ७ मेगाहर्ट्झला त्याचा क्यू (कॉइलची गुणवत्ता) इतका पडतो की फिल्टर सिग्नल खातो आणि गाळतही नाही. तुम्हाला लाल (२ नंबर) किंवा पूर्ण पिवळा (६ नंबर) हवा. टी५०-६ मिळाला तर १९ वेढे द्या.

रात्रीचा गोंधळ हे खरं दुखणं. आपला बँड ७.२०० ला संपतो आणि तिथूनच ४१ मीटरचा ब्रॉडकास्ट बँड ७.४५० पर्यंत. तुम्ही विचारलेला धारदार बँडपास इथे कितपत पुरेल बघा. मध्य ७.१, रुंदी २०० किलोहर्ट्झ, दोन रेझोनेटर, चांगल्या कॉइल (क्यू २००). हव्या सिग्नलचं नुकसान २ डेसिबलच्या आसपास, आणि ७.३०० वरच्या केंद्राला रोध जेमतेम १२ डेसिबल. ७.२१० वरच्या केंद्राला जवळजवळ काहीच नाही. शेजारी इतका जवळ असेल तर एलसी फिल्टर हतबल असतो. मिक्सरलाच ते केंद्र सहन करता आलं पाहिजे.

आता एसए६१२ कडे या. त्याचा तिसऱ्या क्रमाचा इनपुट इंटरसेप्ट (मोठे सिग्नल सहन करण्याचं माप) डेटाशीटप्रमाणे −१३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), म्हणजे मुळातच नाजूक. त्यात तुमच्या जोडणीत तीन गोष्टी त्याला आणखी अशक्त करतायत.

एक, कॉइलचं स्टेप-अप. ५० ओहमवरून दीड-तीन किलोओहमवर नेताना व्होल्टेज १५ ते १८ डेसिबलने वाढतं. हवा सिग्नल वाढतो तसंच ते चिनी केंद्रही. ४० मीटरवर या वाढीची गरजच नाही. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) पी.३७२ शिफारशीतल्या सूत्राने निवासी भागातला मानवनिर्मित नॉइज ७.१ मेगाहर्ट्झला औष्णिक नॉइजच्या सुमारे ४९ डेसिबल वर येतो. अडीच किलोहर्ट्झ रुंदीत म्हणजे −९१ डीबीएम, सिग्नलच्या एस-मीटरवर साधारण एस-६. रिसीव्हरची नॉइज फिगर (त्याच्या स्वतःच्या नॉइजचं माप) २० डेसिबल झाली तरी शहरात कानाला फरक पडत नाही.

दोन, आउटपुट फक्त पिन ५ वरून. दुसऱ्या क्रमाचं डिटेक्शन पिन ४ आणि ५ वर बऱ्याच अंशी एकाच दिशेने येतं, हवा ऑडिओ उलट दिशेने. दोघांची वजाबाकी केली तर डिटेक्शन कटतं आणि ऑडिओ दुप्पट होतो. एकच पिन वापरली की ही सोय फुकट गेली.

तीन, ऑसिलेटरची लेव्हल. एसआय५३५१ सुमारे ३.३ व्होल्ट टोक ते टोक देतो. पिन ६ ला २०० ते ३०० मिलिव्होल्ट पुरतात. जास्त दिलं की बॅलन्स बिघडतो आणि गळती वाढते.

बदल असे करा:

१. कॉइल काढा. एफटी३७-४३ कोरवर दोन तारा एकत्र पिळून १० वेढे द्या, १:१ ट्रान्सफॉर्मर. प्रायमरीवर ५१ ओहम समांतर. सेकंडरीची दोन टोकं ०.०१ मायक्रोफॅरडमधून पिन १ आणि २ ला. दोन्ही पिनांना आतूनच बायस आहे, डीसी ग्राउंड लागता कामा नये.

२. पिन ४ आणि ५ यांच्या मध्ये १५ नॅनोफॅरड, फिल्म जातीचा. दोन्ही बाजूंचे १.५-१.५ किलोओहम आतच आहेत, त्यामुळे कटऑफ साडेतीन किलोहर्ट्झला येतो. मग प्रत्येकी १ मायक्रोफॅरडमधून एनई५५३२ च्या डिफरन्शियल जोडणीला. चारही रेझिस्टर १ टक्क्याचे: १० किलोओहम, १०० किलोओहम अशा दोन जोड्या. ५ टक्क्यांचे लावले तर वजाबाकी अर्धवट होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

३. सीएलके० च्या पिनला चिकटून १ किलोओहम, मग वायर, मिक्सरजवळ ८२ ओहम ग्राउंडला, तिथून १० नॅनोफॅरडने पिन ६. साधारण २५० मिलिव्होल्ट मिळतील. १ किलोओहम मॉड्यूलच्या बाजूलाच हवा, म्हणजे मधल्या वायरवर मोठा चौकोनी तरंग फिरत नाही. सीएलके१ आणि सीएलके२ वापरत नसाल तर रजिस्टर १७ आणि १८ मधला सातवा बिट १ करून त्यांना पूर्ण झोपवा.

४. १० डेसिबलचा पॅड स्विचवर कायम ठेवा. लावायचा की नाही याची कसोटी सोपी: अँटेना जोडल्यावर मीटरवरचा नॉइज १० डेसिबल किंवा जास्त चढत असेल, तर पॅड बिनधास्त लावा.

---

फेज९०

टोरॉइड यांचं निदान अचूक आहे. पण एसए६१२ वर इतका जीव लावण्यापेक्षा मी स्विचिंग डिटेक्टर सुचवेन. एसआय५३५१ हातात आहेच, त्यामुळे फक्त एक एफएसटी३२५३ (इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप) आणि चार कपॅसिटर वाढतात.

फायदा कुठे होतो ते सांगतो. चार कपॅसिटर आळीपाळीने पाव-पाव चक्र अँटेनाला जोडले जातात. स्विचचा रोध काही ओहमच असतो, त्यामुळे मोठ्या सिग्नलने तो सहजी वाकत नाही. शिवाय कपॅसिटर स्वतःच फिल्टर होतो: स्रोत ५० ओहम आणि प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरड घेतला तर ऑसिलेटरच्या दोन्ही बाजूंना ८-८ किलोहर्ट्झची खिडकी मिळते. १०० किलोहर्ट्झ दूरचं केंद्र पहिल्या ऑप-अँपपर्यंत पोहोचण्याआधीच २२ डेसिबल खाली येतं. फिल्टर डायलबरोबर आपोआप सरकतो, ही गोष्ट एलसी कॉइलला जमत नाही.

आणि आय-क्यू (९० अंशांच्या फरकाच्या) दोन वाटा मिळाल्याने ऑसिलेटरच्या पलीकडची बाजू, म्हणजे इमेज, वजा करता येते. तुमच्या सध्याच्या सेटमध्ये ती दुसरी बाजू पूर्ण जोराने ऐकू येत असणार. म्हणजे गर्दी दुप्पट आणि नॉइज ३ डेसिबलने जास्त.

जोडताना हमखास चुकणारी जागा: एफएसटी३२५३ ला निवडीच्या दोन रेषा आहेत, एस० आणि एस१. त्यांना ९० अंशांच्या फरकाचे दोन तरंग दिले की क्रम ००, ०१, ११, १० असा जातो. म्हणजे स्विचची टोकं बी१, बी२, बी४, बी३ या क्रमाने. ओळीने १-२-३-४ समजून ० आणि १८० अंशांची जोडी बी१-बी३ अशी घेतली तर इमेज रोध शून्याच्या जवळ येतो आणि माणूस ऑप-अँपमध्ये दोष शोधत बसतो. बरोबर जोड्या: आय साठी बी१ वजा बी४, क्यू साठी बी२ वजा बी३. आतल्या दोन्ही मल्टिप्लेक्सर समांतर जोडा, स्विचचा रोध अर्धा होतो. इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून २.५ व्होल्टचा बायस द्या, नाहीतर सिग्नलचा ऋण भाग चिपच्या आतल्या डायोडवर आपटतो.

९० अंश एसआय५३५१ मधूनच काढा:

- सीएलके० आणि सीएलके१ दोन्ही एकाच पीएलएलवर (चिपमधला, मूळ क्रिस्टलची फ्रीक्वेन्सी गुणून वाढवणारा भाग).
- मल्टिसिंथचा (पीएलएलनंतर भागाकार करणाऱ्या भागाचा) भाजक सम पूर्णांक ठेवा. १०० घेतला तर ७.००० ते ७.२०० साठी व्हीसीओ (पीएलएलमधला ऑसिलेटर) ७०० ते ७२० मेगाहर्ट्झ, म्हणजे ६०० ते ९०० च्या मर्यादेत.
- सीएलके१ च्या फेज रजिस्टरमध्ये भाजकाइतकाच आकडा लिहा, इथे १००. त्या रजिस्टरचं एकक व्हीसीओ चक्राचा पाव भाग आहे, त्यामुळे भाजकाइतका आकडा म्हणजे नेमके ९० अंश. रजिस्टर सात बिटांचं, म्हणून भाजक १२६ च्या वर नेता येत नाही.
- रजिस्टर १७७ मध्ये ०एक्सए० (0xA0) लिहून पीएलएल रीसेट एकदाच. पुढे डायल फिरवताना फक्त पीएलएलचा गुणक बदला. प्रत्येक पायरीला रीसेट केलात तर टकटक ऐकू येईल. आणि भाजक बदलून रीसेट केला नाही तर फेज कुठेही बसेल.

इमेज किती दबेल हे दोन वाटा किती जुळतात यावर. १ टक्का आयामाचा आणि १ अंश फेजचा फरक असेल तर रोध ४० डेसिबल. इथे कपॅसिटर महत्त्वाचे ठरतात. ०.१ मायक्रोफॅरडमध्ये आय आणि क्यू वाटांत ५ टक्के फरक राहिला तर ३ किलोहर्ट्झच्या ऑडिओला फेज जवळपास १ अंशाने हुकते आणि रोध ४१ डेसिबलवर थांबतो. कोणी दूरचं केंद्र आणखी दाबायला ०.२२ लावतं, मग तोच ५ टक्के फरक १.४ अंश देतो आणि रोध ३६ वर येतो. म्हणून ०.१ च ठेवा. पॉलिएस्टर फिल्मचे आठ-दहा घेऊन एलसीआर मीटरवर मोजा आणि १ टक्क्याच्या आतले चार निवडा. एक्स७आर सिरॅमिक या चार जागी नकोच, तापमान आणि व्होल्टेजने त्यांची किंमत सरकते.

एक इशारा. तिसऱ्या हार्मोनिकचा प्रतिसाद इथेही तोच, ९.५ डेसिबल खाली, आणि त्याच्या बाजू उलट्या येतात, म्हणून आय-क्यूची वजाबाकी त्याला पकडत नाही. टोरॉइड यांनी दिलेला लो-पास इथेही लागणारच.

---

वेगुर्ल्याचा_वारा

मध्येच विचारतो, सरळ सुपरहेट (सिग्नल आधी एका ठरावीक मधल्या फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे आयएफवर, आणणारा रिसीव्हर) का नाही करत? क्रिस्टल फिल्टर आला की शेजारचं केंद्र संपलंच ना?

---

टोरॉइड

क्रिस्टल फिल्टर मिक्सरच्या नंतर येतो, आणि हे दुखणं मिक्सरमध्ये आहे. दणकट मिक्सर तिथेही लागतोच. एएम डिटेक्शनचा ऑडिओ मात्र ९ मेगाहर्ट्झच्या आयएफमधून पुढे जाऊ शकत नाही, तो फायदा खरा.

त्या बदल्यात नव्या वाटा उघडतात. ९ मेगाहर्ट्झ आयएफ आणि १६.१ चा ऑसिलेटर धरा. इमेज २५.१ वर, ती लो-पासने सहज जाते. पण ११.६ वरचा सिग्नल बघा: ऑसिलेटर आणि त्याच्यात ४.५ चा फरक, दुप्पट केला की नेमका ९. आणि ११.६ मेगाहर्ट्झला २५ मीटरचा ब्रॉडकास्ट बँड सुरू होतो. वर दिलेला ९ मेगाहर्ट्झचा लो-पास ११.६ ला फक्त ११ डेसिबल रोखतो. दुसऱ्या क्रमाची वाट असल्याने परिणाम २२ चा मिळतो, तरी रात्री अपुरा पडू शकतो. तिथे दोन रेझोनेटरचा बँडपास हवाच. ४५५ किलोहर्ट्झ आयएफ घेतला तर इमेज फक्त ९१० किलोहर्ट्झवर, ८.०१ ला, तो तर आणखी जवळचा त्रास.

---

अर्थिंग

गुणगुणीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. डायलबरोबर जोर बदलणारी आणि अँटेना काढल्यावर जाणारी गुणगुण म्हणजे पुरवठ्याचा साधा रिपल नव्हे. डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये ऑसिलेटर आणि ऐकायची फ्रीक्वेन्सी एकच. ऑसिलेटरचा थोडा अंश मिक्सरच्या इनपुटमधून उलटा अँटेनाकडे गळतो, केबलच्या बाहेरच्या आवरणावरून घरच्या वायरिंगवर चढतो, अडॅप्टरमधल्या रेक्टिफायर डायोडपर्यंत जातो. ते डायोड सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. गळलेला सिग्नल त्या ठेक्यावर मॉड्युलेट होऊन परत अँटेनात येतो आणि मिक्सर त्याला इमानाने १०० हर्ट्झचा ऑडिओ करून देतो. पुरवठ्यावर हजारो मायक्रोफॅरड चढवले तरी ही गुणगुण हलत नाही, ते यामुळे.

आधी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चालवा आणि अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. गुणगुण गेली तर निदान पक्कं. मग:

- केबल रिसीव्हरमध्ये शिरते तिथे कॉमन-मोड चोक: एफटी१४०-४३ वर आरजी-१७४ चे १० वेढे. ७ मेगाहर्ट्झला बाहेरच्या आवरणावरच्या प्रवाहाला काही किलोओहमचा अडथळा मिळतो. डायपोलच्या मध्यभागीही असाच एक बसवा. तिथे तो बाल्यूनचंही (डायपोल आणि केबल जुळवण्याचं) काम करतो.
- ट्रान्सफॉर्मरचा साधा पुरवठा वापरत असाल तर ब्रिजच्या चारही डायोडना समांतर ०.०१ मायक्रोफॅरड, योग्य व्होल्टेजचे. बंद एसएमपीएस अडॅप्टर उघडून आत काही लावू नका, तिथे मेन्सचा धोका आहे. त्याच्या डीसी वायरीवर फेराइट कोरचे सात-आठ वेढे द्या.
- एसआय५३५१ ला पत्र्याच्या वेगळ्या डबीत ठेवा. त्याची ३.३ व्होल्टची रेषा डिस्प्लेपासून वेगळी करा, मध्ये ४७ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड. डिस्प्ले फ्रीक्वेन्सी बदलल्यावरच लिहा, सतत रिफ्रेश नको. आय२सी (चिपांमधल्या डेटाच्या तारा) च्या प्रत्येक फेरीचा खरखराट ऑडिओत उतरतो.

---

शॉर्टवेव्ह_पुणे

बॅटरीवर गुणगुण पूर्ण गेली. पिन ४-५ ची डिफरन्शियल जोडणी आणि १ किलोओहम-८२ ओहम केलं, रात्रीचा गोंधळ लगेच १८ डेसिबलने उतरला. लो-पास अजून व्हायचाय. नंतर एफएसटी३२५३ कडे वळेन.

दोन प्रश्न. एफएसटी३२५३ करताना आय-क्यू लॅपटॉपच्या साउंड कार्डात घेतलं आणि ऑसिलेटर थोडा बाजूला ठेवला तर काय काळजी घ्यावी? आणि चोक, लो-पास, पॅड यांचा क्रम कसा असावा? पुढे मीडियम वेव्ह अडवायला हाय-पास (खालच्या फ्रीक्वेन्सी रोखणारा फिल्टर) लावणं फायद्याचं आहे का?

---

फेज९०

ऑसिलेटर बाजूला ठेवणं चांगलं, शून्याजवळचा हम आणि ऑप-अँपचा खालचा नॉइज टळतो. फक्त इमेज कुठे पडते ते ठरवून घ्या. ऐकायचंय ७.१००. ऑसिलेटर ७.१५० ला ठेवलात तर इमेज ७.२०० ला, म्हणजे ब्रॉडकास्टच्या उंबऱ्यावर. तिथलं केंद्र −३० डीबीएमचं असेल आणि रोध ४० डेसिबल, तर ७.१०० वर −७० डीबीएमचं भूत, एस-९ पेक्षा जोरात. त्याऐवजी ऑसिलेटर ७.०८८ ला ठेवा. इमेज ७.०७६ ला, हॅम बँडमध्येच, तिथे तेवढं दणकट काही नसतं. ऑसिलेटर नेहमी ऐकायच्या फ्रीक्वेन्सीच्या खाली ठेवा. १२ किलोहर्ट्झ सरकवल्यावर कपॅसिटरची खिडकीही वाढवावी लागेल: ०.०२२ मायक्रोफॅरडने दोन्ही बाजूंना सुमारे ३६ किलोहर्ट्झ मिळतात. दूरच्या केंद्रावरचा रोध त्या प्रमाणात घटतो, हा सौदा मान्य करावा लागतो. कपॅसिटर जुळवून घेण्याचा नियम तोच.

ऑसिलेटरच्या फेज नॉइजची (त्याच्या तरंगातल्या बारीक थरथरीची) भीती नको. −२० डीबीएमचं केंद्र १०० किलोहर्ट्झवर आहे आणि तिथला फेज नॉइज −१२० डीबीसी (मूळ तरंगाच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ इतका वाईट धरला, तरी अडीच किलोहर्ट्झमध्ये −१०६ डीबीएम येतो. शहरातल्या −९१ च्या नॉइजखाली तो बुडतो.

---

टोरॉइड

हाय-पास पुण्यात जरूर लावा, घटक पाचच आहेत. कटऑफ ४ मेगाहर्ट्झ: १२०० पिकोफॅरड सरळ, १.२३ मायक्रोहेन्री ग्राउंडला (टी५०-२ वर १६ वेढे), ३९० पिकोफॅरड सरळ, पुन्हा १.२३ मायक्रोहेन्री ग्राउंडला, १२०० पिकोफॅरड सरळ. हिशेबाने ७९२ किलोहर्ट्झला ७० डेसिबल येतात. प्रत्यक्षात ५० च्या आसपास मिळाले तरी भरपूर. दोन कोर एकमेकांना काटकोनात उभे करा आणि इनपुट-आउटपुटच्या वायरी जवळजवळ नेऊ नका. रोध कमी पडतो तो बहुतेक याच कारणाने. नॅनोव्हीएनए (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) असेल तर ०.५ ते ३० मेगाहर्ट्झ एकदा झाडून बघा. ७.१ ला एक डेसिबलपेक्षा जास्त नुकसान दिसलं तर कोर चुकीचा आहे किंवा कपॅसिटर एनपी० नाहीत.

क्रम: अँटेना, चोक, हाय-पास, लो-पास, पॅड, ट्रान्सफॉर्मर, मिक्सर. पॅड फिल्टरच्या आधी न लावता फिल्टर आणि मिक्सरच्या मध्ये लावा. स्विचिंग डिटेक्टर आपल्या बँडबाहेर ५० ओहम दाखवत नाही, त्यामुळे फिल्टरचा आकार बिघडतो. मध्ये ६ डेसिबलचा पॅड (१५० ओहम, ३९ ओहम, १५० ओहम) कायम ठेवला की फिल्टरला दोन्ही टोकांना जवळपास ५० ओहम दिसतात. शिवाय अर्थिंग यांनी सांगितलेली गळती जाताना ६ आणि परत येताना ६, अशी १२ डेसिबलने उतरते, हवा सिग्नल मात्र ६ नेच. ब्रेडबोर्डवर हे काहीच नीट चालणार नाही; तांब्याच्या कोऱ्या पीसीबीवर ग्राउंड प्लेन ठेवून जोडा आणि एफएसटी३२५३ च्या पुरवठ्याच्या पिनला ०.१ मायक्रोफॅरड अगदी चिकटून लावा.